खडूवर उमटलेला तडा

॥ श्री ॥
सोनगीर, १० नोव्हेंबर १९८६

चि. रुपचंद यास झुलालआबाचे अनेक आशीर्वाद.

कर्र... आणि मग टक. साठ वर्षं झाली, तो आवाज अजून कानात आहे. कापूस भरून धुळ्याला निघालं की किल्ल्याच्या उतारावर आमच्या बैलगाडीची दांडी तशी बोलायची. सालदार पुना चार दिवस सांगत होता, दांडी बदला. वडील म्हणाले, याला कामाचा कंटाळा आलाय. पाचव्या दिवशी दांडी मोडली आणि पुनाचा पाय जन्माचा अधू झाला.

काल तुझं पत्र वाचताना तोच आवाज आला. उभ्या ट्रकचं स्टेअरिंग फिरवलं की पुढून टक वाजतं, गाडी घाटात न्यायला नको, असं वेस्ता ड्रायव्हर म्हणाला. तू त्याला काढून टाकलंस, आणि आता कन्नडच्या घाटातून सरकीची पोती स्वतः उतरवणार म्हणतोस. दहा वर्षं ज्यानं ही गाडी सांभाळली त्याला कामचुकार म्हणताना तुझी जीभ कशी अडखळली नाही?

बाळा, गाडी हलवू नकोस. स्टेअरिंग बॉक्सभोवतीची चासी डिझेलनं धू, तारेच्या ब्रशनं घास. रॉकेल लाव, पाव तासानं कोरडं पूस आणि वर खडू फास. तडा असेल तर आत शिरलेलं रॉकेल खडूवर काळी रेघ काढील. खडू सोबत पाठवतो. शाळेतला शेवटचा डबा अजून सरला नाही. तेवीस वर्षं याच खडूनं सकाळी कविता लिहिल्या आणि दुपारी वर्कशॉपच्या फळ्यावर वेल्डिंगचे जोड काढले.

लोभ आहेच, तो वाढवायचा असेल तर आधी गाडीखाली जा.

तुझा,
आबा

चाळीसगाव, १५ नोव्हेंबर १९८६

ती. स्व. आबांच्या चरणी रुपचंदचे शि. सा. न. वि. वि.

पत्र आणि खडू पोचले. खडूचे वाटेत दोन तुकडे झाले, पण एक पुरला. खरं सांगतो, तुम्हाला खोटं पाडायलाच मी गाडीखाली गेलो होतो. रेघ उमटली आबा. चार बोटं लांब, बॉक्सच्या मागच्या बोल्टाजवळ, पूर्वी कुणी वेल्ड केलेल्या जुन्या पट्टीच्या कडेला लागून. रेघेच्या टोकाशी खडूनंच खूण केली आणि बाहेर आलो.

भाईदास मिस्तरीला तुमचं पत्र वाचून दाखवलं. मास्तरना खडूमा दम शे, म्हणाला. मग पट्टी पाहून हसला. ही लावणारा कोण शहाणा होता, टोकं सरळ कापली म्हणून तडा तिथूनच सुटला, असं त्याचं म्हणणं. वरून एक वेल्ड मारून दोन तासांत गाडी मोकळी करतो म्हणतो. २० तारखेला सरकी उचलायचा शब्द दिला आहे. चालेल ना?

रागवा, पण पत्र पाठवत राहा.

आपला,
रुपचंद

सोनगीर, १८ नोव्हेंबर १९८६

चि. रुपचंद यास आशीर्वाद.

तो शहाणा मी. चौऱ्याहत्तर साली तुझ्या वडलांनी, आमच्या दादानं, गाडी शाळेच्या दारात आणून उभी केली. मी नुकताच पाखरांची कविता शिकवून आलो होतो. ती गुणगुणतच पट्टी कापली. चौकोनी, उभ्या कडेला भरगच्च वेल्ड. दिसायला फार देखणी झाली. दादानं पाठ थोपटली. चासी लवते, पट्टी लवत नाही, मग सगळा ताण त्या सरळ कडेवर येतो. हे मी मुलांना शिकवत होतो आणि स्वतःच विसरलो.

भाईदासला सांग, वरचा वेल्ड तडा झाकील, थांबवणार नाही. बॅटरी सोडा, चासी जॅकवर घ्या, स्टेअरिंग बॉक्स उतरवा. माझी पट्टी कापून काढा, माझी म्हणून भीड धरू नका. तड्याच्या अगदी टोकाला भोक पाडा, म्हणजे तो पुढे पळणार नाही. खाच करून तळापर्यंत वेल्ड भरा, घासून सपाट करा. मग आतून नवी लांब पट्टी, टोकं तिरपी, नांगराच्या फाळासारखी निमुळती. ती बोल्टांनी आवळा. चासीच्या वरच्या-खालच्या कडांना वेल्डचा ठिपकाही नको. पाच-सहा दिवस लागतील. सरकीवाला बोलला तर माझं नाव सांग.

आणि वेस्ताकडे स्वतः जा. निरोप धाडू नकोस.

पोटात राग नाही, काळजी आहे.

आबा

चाळीसगाव, २६ नोव्हेंबर १९८६

ती. स्व. आबांस शि. सा. न. वि. वि.

काम झालं. तुमची पट्टी कापायला भाईदास कुरकुरत होता. पट्टी निघाली तर तडा तिच्याखाली आणखी तीन बोटं गेला होता. त्यानंतर त्यानं तुमचं पत्र ड्रिलच्या शेजारी खिळ्याला टोचून ठेवलं आणि ओळीओळीनं काम केलं. काल उभ्या गाडीचं स्टेअरिंग मी वीस वेळा फिरवलं. टक नाही.

वेस्ताला शिरपूरकडच्या एका गाडीवाल्याहाती निरोप पाठवला. हो, निरोपच. त्या दिवशी मी त्याला दहा माणसांत बोललो होतो. आता कोणत्या तोंडानं जाऊ? उत्तर आलेलं नाही. ५ तारखेला मी एकटाच घाटात जातो आहे.

तुमचा हात डोक्यावर असू द्या.

रुपचंद

सोनगीर, २९ नोव्हेंबर १९८६

चि. रुपचंद यास आशीर्वाद.

टक नाही, हे दोन शब्द मी पुन्हा पुन्हा वाचले. माझी चूक निघायला बारा वर्षं लागली. तुझी तीन आठवड्यांची आहे, अजून ताजी आहे. उद्याच शिरपूरची एसटी धर आणि त्याच्या पाड्यावर जा. दहा माणसांत बोललास, तर दहा माणसांत

थांब, दार वाजलं.

वेस्ता आला आहे. चपला बाहेर काढून उंबऱ्याशी बसलाय, पाणी पितोय. तुझा निरोप त्याला मिळालेलाच नाही. त्याला लिहिता येत नाही, म्हणून डोंगराखालून इथवर आला. तुला पत्र लिहून हवं आहे. दुरुस्तीचं सांगतोच त्याला, पण आधी त्याचं पत्र पुरं करतो. त्याच्याच शब्दांत घे:

मालक, मला कामावर नका घेऊ. पण गाडी घाटात नेऊ नका. आवाज पुढूनच येतो.

वेस्ताकडून,
हस्ते झुलालआबा