घर क्रमांक अठ्ठावन्न

प्रिय अश्विन,

तू पाठवलेल्या प्रमाणपत्रावर मी सही करणार नाही. फोनवर हे तीनदा सांगितलं आणि तिन्ही वेळा 'आत्या, ऐक तर' म्हणून तू माझं बोलणं तोडलंस. म्हणून लिहिते, कागदाला मध्येच तोडता येत नाही. सोमवारी तुझा प्रबंध दाखल व्हायचा आहे. पाहणी माझ्या देखरेखीखाली झाली असं माझ्या सहीचं पत्र जोडलं नाही तर विभाग तो घेणार नाही आणि तुझं एम.ए.चं वर्ष जाईल. हे सगळं मला ठाऊक आहे. ठाऊक असूनही नाही म्हणते आहे, हे लक्षात ठेवून पुढे वाच.

उपयोजित अर्थशास्त्र घे असं तुला मीच सांगितलं होतं. त्र्याऐंशी साली मी अर्थशास्त्र घेऊन बी.ए. झाले. पुढे शिकायचं होतं, पण नोकरी लागली आणि मग चौतीस वर्षं सरकारी पाहण्यांचे कागद काखेत घेऊन दारोदार हिंडले. कुत्री मागे लागली, लोकांनी दारं लावून घेतली, एकदा कळवणकडे एका म्हातारीने रेशन बंद करायला आलेली समजून माझ्या अंगावर खरकटं पाणी ओतलं. तिचा कागदही मी भरला, दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन. तू प्रबंधाला 'कांदा लागणीतील स्त्री मजुरांचे कामाचे दिवस' हा विषय घेतलास आणि गाव आपलंच निवडलंस, तेव्हा मी कॉलनीत पेढे वाटले. घाई केली.

एकशे वीस प्रश्नावल्यांचा गठ्ठा मी परवा दुपारी उघडला. पंधरावा कागद उलटेपर्यंत माझी खात्री झाली होती. तुझ्या बायकांची वयं सत्तेचाळीस, त्रेपन्न, एकोणचाळीस, अठ्ठावन्न अशी आहेत. अरे, आपल्या वस्तीत धोंडाबाईला वय विचार, ती म्हणेल, 'असंल पन्नास, नायतर साठ लिव्हा.' माणसं वय गोल सांगतात. अडनिडं वय खोलीत बसून भरणाराच सांगतो, आपण पकडले जाऊ नये म्हणून. बरं, तेही सोडून देऊ. सगळ्या एकशे वीस बायका लागणीला रोजाच्या हजेरीवर जातात आणि आठ तास राबतात, असं तू लिहिलंस. आपल्याकडे लागण हजेरीवर होते का रे? टोळी एकराचं उक्तं घेते, उजाडायच्या आत रोपं उपटायला बसते आणि वाफे संपल्याशिवाय उठत नाही. कधी अकरा तास, कधी सहा. लहानपणी तू स्वतः बांधावर बसून त्या रोपांच्या जुड्या मोजल्या आहेस. बाहेरचा मुलगा चुकला असता तर मी त्याला समजावलं असतं. तू चुकला नाहीस. गावात पाऊल न टाकता गंगापूर रोडच्या खोलीत पंख्याखाली बसून तू आपल्या बायकांचं वर्ष लिहून काढलंस.

वर मला म्हणालास, 'आत्या, सर्वे सगळेच असा करतात. मॅडम फक्त टेबलं बघतात. तुझ्या काळातलं सोड.' माझ्या काळातही असं करणारे होते. त्यातला एक माझ्याच टेबलाशेजारी बसायचा. त्याने घरी बसून एका पाड्यावर चालू विहीर दाखवली आणि त्या पाड्याच्या बायका पुढची सात वर्षं डोक्यावरून पाणी वाहत राहिल्या. यादीप्रमाणे त्यांना पाणी होतं ना! मला माहीत होतं आणि मी गप्प बसले, कारण तो वरिष्ठ होता आणि मी नवी. आता मी कोणाच्या हाताखाली नाही.

तुझी दुसरी कारागिरी सांगते. पंचेचाळिशीच्या वरच्या त्रेसष्ट बायका. शिक्षणाच्या रकान्यात त्रेसष्ट वेळा 'निरक्षर', आणि खाली सहीच्या जागी अंगठा. निळ्या शाईचा, त्रेसष्टही कागदांवर तोच, मधोमध तिरपी चीर असलेला. सातवीत असताना तुझ्या अंगठ्याला विळा लागला होता, तेव्हा टाके घालायला सटाण्याला मी नेलं होतं. मला ती चीर दाखवतोस?

आणि घर क्रमांक अठ्ठावन्न. शकुबाई अश्रोबा पगारे, वय सत्तेचाळीस, शेतमजूर, निरक्षर. अंगठा. एकामागून एक कागद भरत गेलास आणि मध्ये तुझी आई आली, तरी हात थांबला नाही. तिच्यापुरतं वय मात्र खरं लिहिलंस, ते तुला पाठ होतं.

आपल्या घरात सून आली की चुलीकडे जाण्याआधी तिच्या हातात पाटी द्यायची, ही तुझ्या आजोबांची रीत होती. सहादू पगाऱ्यांनी स्वतः तारुण्यात एका कागदावर अंगठा दिला होता आणि त्यावर काय लिहिलंय ते त्यांना दुसऱ्याने वाचून दाखवलं होतं, खोटं. म्हणून आमच्या घरातला अंगठा त्यांच्यापाशी संपला पाहिजे, असं ते म्हणत. तुझी आई आली तेव्हा पाटीवर तिने नुसतं नाव लिहिलं नाही, नाव, गाव, तालुका, जिल्हा आणि तारीखही घातली. आठवी पास होती. सासऱ्याने तेव्हाच विहाराच्या महिला मंडळाचं इतिवृत्त तिच्याकडे सोपवलं, ते ती आजही लिहिते. तुझ्या शाळेचे, वसतिगृहाचे, शिष्यवृत्तीचे अर्ज कुणी भरले? गावातून आला असं दिसावं म्हणून तो गठ्ठा तू एसटीच्या पार्सलने तिच्याकडेच पाठवलास, 'आत्याकडे टाकून ये' म्हणून, आणि ती वाचेल हे तुझ्या डोक्यात आलं नाही. सटाण्यापासून नाशिकपर्यंत तिला खिडकीची जागा मिळाली होती. तिने सगळे एकशे वीस वाचले.

ती माझ्या घरी आली. माझ्या पिंकीने चहा दिला, तो निवला. मग म्हणाली, 'ताई, सही करून टाका, पोराचं वर्ष जाईल.' मी अठ्ठावन्नावा कागद काढून तिच्या पुढ्यात ठेवला आणि म्हटलं, हा खरा आहे असं तू म्हण, मी सही करते. तिने तो कागद पालथा घातला. मग एवढंच म्हणाली, 'माझं जाऊ द्या. पण धोंडाबाईचे एवढे दिस कुठं भरले? तिला तर कुणी टोळीत घेत नाय आता. हे छापलं तर तिला काम हाय असंच होईल ना?' दोन वर्षं विद्यापीठात शिकून तुला जे उमगलं नाही, ते तिला बसमध्ये कळलं होतं. काल सकाळी आम्ही दोघी तुझ्या विभागात गेलो.

तुझ्या मार्गदर्शक बाईंनी सगळं बघितलं. तुझा प्रबंध सोमवारी घेतला जाणार नाही. पौषात लागण सुरू झाली की तू घरोघर जायचंस, ते खरे कागद आले तरच प्रबंध पुढच्या सत्रात दाखल करून घेऊ, असं त्या म्हणाल्या. नावच काढून टाकणार होत्या, तुझ्या आईकडे बघून थांबल्या. हे तुला विभागातल्या शिपायाकडून कळू नये, घरातून कळावं, असं तुझ्या आईचं म्हणणं पडलं. मी तिला म्हटलं, तू लिही, तुझं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे. तर म्हणाली, 'नको ताई. मी लिहायला बसले तर दुसऱ्या ओळीत माफ करून टाकीन. तुम्हीच लिहा.' म्हणून हे पत्र माझ्या अक्षरात आहे.

तुझीच, पण सहीपुरतीसुद्धा तुझ्या बाजूची नसलेली,
रोहिणी आत्या

विभागात काल, गुरुवारी, सकाळी अकरा वाजता दिलेले: भरलेल्या प्रश्नावल्या एकशे वीस, क्रमवार. सही न केलेले प्रमाणपत्र एक. देणार, शकुबाई अश्रोबा पगारे. घेणार, मार्गदर्शक. पोच मिळाली.
पिंकीजवळ तुझ्यासाठी ठेवलेले: कोऱ्या प्रश्नावल्या एकशे वीस. शाईची डबी दिलेली नाही.