नमुना अर्जातील दोन चौकटींबाबत

प्रति,
मा. कामगार कल्याण अधिकारी,
नळ-मुलामा कारखाना

विषय : माझ्या पतीची ॲसिडच्या टाकीवरून पॅकिंग विभागात बदली होणेबाबत.
संदर्भ : आपल्या कार्यालयाने तीनदा परत पाठवलेला नमुना अर्ज.

महोदय,

वाटीवर चमचा दोनदा वाजला, तेव्हा मी दचकले, म्हणून वर शाई पसरली आहे; क्षमा असावी. दोनदा म्हणजे मला हाक, एकदा म्हणजे मुलीला. पतीचे स्वरयंत्र शस्त्रक्रियेने काढल्यापासून घरात हीच पद्धत आहे.

१. मुलाम्याआधी नळ ॲसिडमध्ये बुडवण्याचे काम त्यांनी अकरा वर्षे केले. घशाच्या कर्करोगाचे 'कारण' म्हणून मी 'ॲसिडची वाफ' लिहिले. आपल्या कारकुनांनी ते खोडून 'धूम्रपान' केले. पती सिगारेट ओढत, माझ्यापासून लपवून. वासावरून मला कळेच. हे मी नाकारत नाही. डॉक्टर म्हणतात, दोन्हींनी मिळून घात केला. परंतु रकान्यात एकच कारण चालते, असे कळवण्यात आले.

२. नंतर पतीने समक्ष येऊन तोंडी निवेदन करावे, असे पत्र आले. पती आले. पाटीवर सगळे लिहून दाखवले. नोंद झाली : 'अर्जदार गप्प राहिले.'

३. आता अडले आहे ते शेवटच्या दोन चौकटींपाशी. 'बरा झाला' यावर खूण केली, तर त्याच टाकीवर रुजू व्हायचे. 'बरा होणार नाही' यावर केली, तर कामावरून कमी. डॉक्टरांनी लिहून दिले आहे की, रोग मानेतल्या गाठींत पसरलेला नव्हता, म्हणून आशा चांगली आहे. पहिली दोन वर्षे फार जपायचे, पाच वर्षे तपासत राहायचे, धूर आणि वाफ दोन्ही बंद. ते आता गळ्याच्या छिद्रातून श्वास घेतात. "ताई, मधली चौकट छापलेलीच नाही, मी काय हाताने काढू?" असे कारकून म्हणाले. हाताने काढलेली चालेल, एवढीच माझी विनंती आहे.

चौथ्यांदा परत येऊ नये, या आशेने,
टाकीवरील कामगाराची पत्नी

दिनांक : सोमवारी सुरू केला, आज गुरुवार
सोबत : डॉक्टरांचे पत्र, नमुना अर्ज, दोन्ही चौकटी कोऱ्या

ता.क. नमुन्यावरची पेन्सिलची रेघ मुलीची आहे, ती खूण समजू नये. ती झोपेतून उठून शेजारी बसली आहे. चौकटीत खूण करायला बालवाडीत नुकतीच शिकली. दोन्ही चौकटींत काय लिहिले आहे ते तिने माझ्याकडून वाचून घेतले, आणि पेन्सिल धरून विचारते आहे, "आई, आपले बाबा यातले कुठले?"