गॅलरीतली बरणी

दि. ४ मार्च

ती. ताईस,

सा. न. वि. वि. साष्टांग मनातल्या मनात. पीठ मळून कंबर कामातून गेलीय.

माझं डोकं फिरलं. समोरची शिवणकाम करणारी, जिच्यापायी तुला पानंच्या पानं लिहितो तीच, पाव घ्यायला आली आणि पोस्टमनशी खिदळत उभी राहिली. पाव देतो मी, हसते त्याच्याशी! रागात पीठ असं बडवलं की उद्यासाठी बाजूला ठेवायचा आंबट गोळाही त्यातच मळला आणि भट्टीत गेला. दह्याला विरजण, तसा पावाला तो गोळा. बेकरीच्या उस्तादांना त्यांच्या उस्तादांनी दिलेला. ओरडले असते तर परवडलं असतं. नुसते रिकाम्या भांड्याकडे बघत बसले. मग म्हणाले, नवा धरला तरी ही चव येणार नाही, शनिवारी तू घरी जा.

कॉलेज सोडताना नाही रडलो, आज रडलो. मागे मी घरी आणलेली गोळ्याची बरणी बाबांनी बाहेर फेकली नसती तर... जाऊ दे. त्यांना काही सांगू नकोस.

आहे तेवढा लोभ तरी राहू दे.

तुझा,
भडकू

दि. ७ मार्च

चि. भडकूस,

अ. उ. आ., रागावूनच.

अरे, पोस्टमन माझ्याशीही हसतो. म्हणून तुझे दाजी काही भट्टीत उडी घेत नाहीत.

सांगू नकोस म्हणालास, म्हणून तडक माहेरी जाऊन सांगितलं. बाबा उठले, गॅलरीत गेले आणि तीच बरणी घेऊन आले. रोज दाढीच्या आधी तिला चमचाभर पीठ नि घोटभर पाणी घालतात. वास येतो, टाकून द्या, असं आई एकदा म्हणाली, तर तिच्यावरच उखडले, की पोराच्या हातचं आहे, उपाशी कसं ठेवायचं.

उद्या ते निघताहेत, बरणी मांडीवर घेऊन. तू तोंड आवर.

लोभ आहेच, अक्कलही वाढव.

तुझी,
ताई

दि. १० मार्च

ती. ताईस,

सा. न. वि. वि. आज खरोखरचा साष्टांग.

उस्तादांनी झाकण काढून हुंगलं आणि स्वतःचं स्टूल बाबांपुढे सरकवलं. आज पहिला पाव बाबांनीच मोडला. कॉलेजबद्दल चकार शब्द नाही. मीठ कमी आहे म्हणाले, आणि आणखी एक तुकडा तोडला.

तेवढ्यात ती आली. इतके दिवस पाव का नव्हता, विचारलं. मी पोस्टमनसकट सगळं ओकून टाकलं. ती हसली, या खेपेला माझ्याकडे बघून. म्हणाली, मग थोडा गोळा माझ्याकडेही ठेवा, याचं डोकं पुन्हा फिरलं तर गल्ली उपाशी राहायला नको.

बाबांनी स्वतः तिला डबीत काढून दिला. रोज सकाळी पीठ घालायचं, विसरायचं नाही, अशी तंबीही दिली. आणि काही अडलंच तर याला विचार, म्हणाले, याला त्यातलं कळतं.

ताई, याला म्हणजे मला!

लोभ असू दे. हे पत्र पोस्टमनच्या हातात देतोय, हसून.

तुझा,
भडकू