उलट्या होडीचं छत

शनिवार संध्याकाळ, एडिसन

आमच्या मराठी मंडळाने चर्चकडून घेतलेला व्हिक्टोरियन हॉल आज नीट पाहिला. लाल विटा, टोकदार खिडक्या, आणि ते लाकडी छत! होडी पालथी घालावी तसं. हिवाळ्यात हॉल लवकर तापावा म्हणून त्याखाली फॉल्स सीलिंग घालायचं, ही आयडिया माझीच. कामही मीच घेतलंय.

मापं घेत शेवटच्या रांगेत उभा होतो. स्टेजवर तालमीला आलेल्या सुलभाकाकू नवऱ्याच्या कानात कुजबुजल्या, "आला बघा छत झाकायला. अक्कल आधीच झाकलीय."

माइक नाही, काही नाही, तरी शब्दन् शब्द ऐकू आला!

"काकू, ऐकलं हं!"

"ऐकलंस ना? सीलिंग घातल्यावर ऐकशील?"

मान वर करून छताकडे पाहिलं. प्रवचन मागच्या बाकापर्यंत पोचावं म्हणून हा हॉल बांधणाऱ्या सुतारांनी छताला ती वळणं दिली असतील. कुठे शिकले असतील? मी इतकी वर्षं घरं बांधतोय, आणि मला त्या छतात फक्त वाया जाणारी ऊब दिसली.

घरी येऊन सेक्रेटरीला फोन केला, सीलिंग कॅन्सल.

"अरे यार, मग थंडीचं काय?"

म्हटलं, लोकांना स्वेटर घालून यायला सांग.