देवांगची पाणबुडी

अल्फारेटा,
१२ ऑक्टोबर २०२५

प्रिय दादा,

सा. न. इकडे आम्ही तिघी ठीक आहोत. थंडी पडायला लागली आणि माझा गुडघा लगेच कुरकुरायला लागला. सूनबाईंच्या, दीपाच्या, ऑफिसचं काम जोरात आहे. आन्या दुसरीत गेली. मी मराठीत विचारते, ती इंग्रजीत उत्तर देते, आजी-नातीचं छान चाललंय. वहिनीचा गोडा मसाला पोचला.

फोनवर तू पालाशविधीचा विषय काढतोस आणि मी फोन ठेवते. ज्याचा देह मिळाला नाही त्याचा दर्भाचा पुतळा करून अग्नी द्यायचा, नाशिकचे गुरुजी तयार आहेत, वर्ष उलटून गेलं, सगळं बरोबर आहे तुझं. म्हणूनच पत्र लिहितेय. पत्र मधेच ठेवून देता येत नाही.

आधी त्या पाणबुडीचं सांगू दे. देवांगने इतक्यांदा ऐकवलंय की झोपेतून उठवलंस तरी सांगेन. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीत बांधलेली. पहिल्या फेरीतून हात हलवत परत आली. दुसऱ्या फेरीत दोन मालवाहू जहाजं बुडवली. तिसऱ्या फेरीला, बेचाळीस साली, थेट नॉर्थ कॅरोलायनाच्या किनाऱ्याशी आली. गावातले दिवे चालूच असायचे, त्या उजेडात जहाजं ठळक दिसायची. आणखी तीन बुडवली. मग एका विमानाने तिला गाठलं. थोडे जण वर आले, बाकीचे अजून आत आहेत. विशी-बाविशीची पोरं. "आई, त्यांना कोणी डिस्टर्ब करत नाही. वी जस्ट लुक अँड कम बॅक," म्हणायचा. मी म्हणायचे, आधी जेवून घे.

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये तो तिला बघायला पाठीवर ऑक्सिजन बांधून पाण्याखाली गेला, प्रवाह फिरला, आणि त्याचा जोडीदार एकटाच वर आला.

त्याचे बूट अजून दारातच आहेत. दीपाने एकदा कपाटात ठेवले तर मी काढून परत जागेवर आणले आणि दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. आला तर काय घालेल, असं मला खरंच वाटतं. हवं तर वेडी म्हण.

मागच्या महिन्यात दीपा आम्हाला ती पाणबुडी बुडाली तिथे घेऊन गेली. बोटीवर जर्मनीहून आलेल्या एक म्हाताऱ्या बाई होत्या. त्यांचे वडील त्या पाणबुडीत आहेत. बाईंचा जन्म त्यानंतरचा. त्यांनी पाण्यात फुलं सोडली. मला आधी रागच आला, यांच्या माणसांनी किती घरं बुडवली म्हणून. पण बोट हलायला लागली आणि मी त्यांचाच हात धरला. मग देवांगचं सांगितलं. त्यांचं इंग्रजी तोडकं, माझंही, त्यामुळे एकमेकींचं नीट कळलं. त्या म्हणाल्या, "आईने बाबांचा कोट मरेपर्यंत दाराशी टांगून ठेवला होता. मी त्या कोटाला घाबरायचे. आमच्या घरात कधी कुणी रडलं नाही, कारण आईच्या लेखी कुणी गेलंच नव्हतं."

परत आल्यावर आन्या बुटांना लांबून वळसा घालून घरात शिरली. रोज तशीच जाते म्हणे, माझ्या लक्षात आलं नव्हतं. का ग, असं विचारलं तर म्हणाली, "इफ आय टच देम, यू गेट सॅड, आजी."

दादा, सात वर्षांची आहे रे ती.

तेव्हा गुरुजींना सांग. डिसेंबरात आम्ही तिघी येतोय. अग्नी आन्या देईल, दीपा तिच्या मागे उभी राहील. त्यावर वाद नको, आत्ताच सांगून ठेव. बूट बरोबर आणतेय, त्यांचं काय करायचं ते तिथे बघू. आणि मला तुझ्या घरात मोठ्याने रडू दे, शेजारी काय म्हणतील ते म्हणोत.

एक राहिलं. असे पुतळे हातभरच करतात म्हणे. गुरुजींना म्हणावं, दर्भ जास्त आणा, एवढासा करू नका. माझा मुलगा सहा फूट होता.

देवांगची आई,
शरयू