खंडेनवमीला बंद केलेलं मशीन

सर,

आज दुपारी कुपवाडच्या कारखान्यातलं तुमचं मशीन कायमचं बंद केलं. शेवटची कमांड मीच दिली. आता ऑर्डरी, माल, गेटपास सगळं क्लाऊडवर. म्हणजे नेमकं कुठं, असं विचारलं की आमची पोरं आभाळाकडं बोट दाखवून हसतात. तुम्ही कपाळावर हात मारून घेतला असता.

मी सांगलीच्या क्लासात टेबलावरचा पीसी शिकून तुमच्या हाताखाली आले, तेव्हा ते फ्रीजएवढं काळं कपाट बघून मला हसूच आलं होतं. हिरवी अक्षरं, माऊस नाही, चित्र नाही. तुम्ही म्हणालात, "हसतीस काय? बड्या बँकांची मशीनं हॉल भरून असत्यात, तुझा पीसी एकट्याचा. हे मधलं. मधल्या भावासारखं. कौतुक कुणी करत न्हाई, राबतोय मात्र त्योच." पुढं ते कपाट तीनदा बदललं, आतला प्रोसेसर पार वेगळ्या जातीचा आला, पण माल रवाना करायचा तुमचा प्रोग्रॅम एक ओळही न बदलता आज दुपारपर्यंत चालला. ऑपरेटिंग सिस्टिमच तशी बांधलेली: खालचं यंत्र कुठलंही असो, वरच्या प्रोग्रॅमला पत्ता लागू द्यायचा नाही. डेटाबेसही तिच्या पोटातच. हे तुम्ही इतक्या अभिमानानं सांगायचात, जणू तुमच्या घरातल्याच कुणी ते केलंय.

आणि असल्या मशीनचा मी नोकरीत नवी असताना एकदा खटका ओढला होता. त्या दिवशी खंडेनवमी होती. खाली सगळे लेथ धुऊनपुसून, हळदकुंकू लावून, झेंडूच्या माळा घालून बंद ठेवलेले. त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही, हे मी लहानपणापासून बघत आलेली. आमच्या घरी आईचं शिलाई मशीनसुद्धा चालत नसे. तुम्हाला मालकांनी खाली बोलावलं होतं. मी आपलं भक्तिभावानं कपाटाला कुंकू लावलं, फूल ठेवलं, आणि म्हटलं, यालाच मेल्याला का राबवायचं? मागचा मेन स्विच खाली केला. तुम्ही माझ्यासाठी पेढा घेऊन वर आलात आणि काळा पडदा बघून दारातच थांबलात. "आगं बाई, ते काय लेथ हाय व्हय?" एवढंच. त्याला आधी सांगून, सगळे प्रोग्रॅम थांबवून मग बंद करायचं असतं. तसं न केल्यामुळं ते सुरू झालं तेव्हा एकेक फाइल तपासत बसलं. दसरा उलटला तरी तपासतच होतं. गेटपास निघेनात, भरलेले ट्रक फाटकात उभे. मालक तणतणत वर आले, आणि तुम्ही शांतपणे सांगितलंत, "मी बंद केलं. पूजेसाठी."

मी तिथंच उभी होते, सर. नोकरी जाईल या भीतीनं तोंड उघडलं नाही. साताऱ्याला नवा कारखाना होत होता, तिथला कॉम्प्युटर विभाग तुमच्याकडं येणार हे जवळजवळ ठरलेलं. तुमचं घर, बायको, मुलगी, सगळं साताऱ्यात. ती जागा दुसऱ्याला मिळाली. तुम्ही निवृत्त होईपर्यंत दर शनिवारी साताऱ्याची एसटी धरत राहिलात, आणि मला एका शब्दानं कधी बोलला नाहीत. बोलला असतात तर फार बरं झालं असतं.

आज मशीनच्या निरोपाच्या कार्यक्रमात मालकांच्या मुलानं तोच किस्सा माइकवर रंगवला. "आमचे जुने साहेब इतके भाविक, की कॉम्प्युटरलाही खंडेनवमीची सुट्टी दिली!" सगळा हॉल हसला. तुम्ही आता नाही, म्हणून तुमच्या मुलीला मुद्दाम बोलावलं होतं. तीही हसली, पण मान खाली घालून. आणि मीही हसले. लाज वाटते लिहायला, पण हसले. मग माइक माझ्या हातात आला. मी तुमच्या शिस्तीचं कौतुक केलं, हार घेतला आणि बसले. जाताना ती माझ्याजवळ आली. "मॅडम, बाबांनी खरंच असं केलं होतं? ते तर कधी देवळातसुद्धा जायचे नाहीत हो." मी म्हटलं, "कामाच्या गडबडीत होतं असं कधी कधी."

तिचा नंबर माझ्या फोनमध्ये आहे. हे सगळं खरं तर तिला लिहायचं होतं. वही उघडली आणि लिहिलं गेलं "सर". तुम्हाला लिहायला धाडस लागत नाही. तुम्हाला सगळं माहीतच आहे.