पळवलेलं वाक्य

३ फेब्रुवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

अगं, जाहिरातीत चक्क तू! मैत्रिणीच्या मोबाइलवर तुझा आवाज आला नि मी उडालेच. हुशार मुली नशिबाची वाट बघत नाहीत, खेळतात आणि जिंकतात, असं म्हणत होतीस. ज्या आवाजानं मला पाढे शिकवले तो थापा कशाला मारेल? मी लगेच तो पैसे लावायचा खेळ मोबाइलवर घेतला नि खेळायला लागले. आता हॉस्टेलचा अख्खा मजला खेळतो. मधूनमधून जिंकतेही! नर्सिंग सोडायचं ठरवलंय, महिनाअखेर अर्ज देणार. बाबांना तूच पटव, तुझंच ऐकतात ते.

तुझ्या लाडाची,
ठमी

९ फेब्रुवारी

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून पत्र. वेडाबाई, आवाज माझा, पण बोलणं त्यांचं! समोर कागद ठेवतात, मी वाचते. परवा दातदुखीच्या औषधासाठी काय कळवळले म्हणून सांगू! माझे दात ठणठणीत आहेत.

जाहिरातीत शेवटी आणखी एक वाक्य आहे. ऐकलंस? कुठून ऐकणार! मी ते सावकाश वाचलं होतं, त्यांनी मशीनवर असं पळवलं की माशी गुणगुणल्यासारखं वाटावं. मला वाटलं, वेळ कमी पडला असेल. तुझं पत्र आलं आणि डोक्यात प्रकाश पडला. फार संताप झाला गं, त्यांचाही नि माझाही. त्यांची पुढची जाहिरात मी नाकारली. रेकॉर्डिंगवाल्याच्या मागे लागून मूळ वाक्य मिळवलंय, मोबाइलवर पाठवते. सगळ्याजणी ऐका. त्यानंतरही अर्ज द्यावासा वाटला, तर बाबांशी मी बोलेन.

जिवाला जप.
तुझी आत्या

२१ फेब्रुवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

ऐकलं. या खेळाची सवय लागू शकते, पैसे जाण्याची शक्यता जास्त आहे, असं तू अगदी शांतपणे सांगतेस. आधी सगळ्या खिदळल्या. मग शेजारच्या खोलीतली उंच मुलगी रडायलाच लागली. ती सारखी हरत होती, पण हुशार मुली जिंकतात ना, म्हणून लाजेनं कुणाला बोलली नव्हती. मग एकेकीनं तोंड उघडलं. मीही जिंकले त्याहून जास्त घालवलंय, तुला तेवढं लिहिलं नव्हतं. खेळ काढून टाकला, अर्ज फाडला. दोघी अजून खेळतात, त्यांच्या मागे लागलेय.

वॉर्डात औषधाचा त्रास काय होऊ शकतो, ते पेशंटला सांगावं लागतं. मी ते नेहमी भराभर उरकायचे. आज एका आजोबांना तुझ्यासारखं सावकाश सांगितलं. त्यांनी पुन्हा विचारलं, मी पुन्हा सांगितलं.

लोभ आहेच, तो तेवढा पळवू नकोस.
ठमी